धंदा रक्तात असतो की वहीत?



मागच्या बॅचमधली एक गोष्ट सांगतो. ज्यांची आहे त्यांना विचारून सांगतोय, फक्त नाव घेत नाही.

धायरीच्या एक ताई आहेत. घरून पुरणपोळ्या करून देतात. सणावाराला शंभर-सव्वाशे पोळ्या सहज जातात, गिऱ्हाईक बांधलेलं आहे. एक दिवस सिंहगड रोडच्या एका केटररचा फोन आला: "लग्नाचं काम आहे, ३०० पोळ्या लागतील, द्याल का?" पोळीमागे ३५ रुपये धरले तरी साडेदहा हजारांचं काम झालं. आणि असं काम एकदा नीट दिलं की तो केटरर दर सीझनला फोन करणार.

ताईंनी नाही सांगितलं.

बॅचमध्ये मी विचारलं, का हो? त्या म्हणाल्या, "सर, माझ्या हाताला चव आहे म्हणून हे चाललंय. दुसऱ्या कुणाच्या हातून तसं होणार नाही. आणि एवढं मोठं सांभाळायला धंद्याचं डोकं लागतं, ते आमच्या घरात कुणालाच नाही."

वर्गातल्या निम्म्या माना हलल्या. सगळ्यांना पटलं. मला मात्र त्या रात्री झोप लागेना, कारण ही दोन वाक्यं मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय. माणसं बदलतात, धंदे बदलतात, वाक्यं तीच.

दोन वाक्यं, एकच कुलूप

नीट बघा. ताईंनी एका दमात दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली: जे मला येतं ते उपजत आहे, म्हणून ते दुसऱ्याला शिकवता येणार नाही.

दुसरी: जे मला येत नाही तेही उपजतच असतं, म्हणून ते मला शिकता येणार नाही.

म्हणजे काय झालं? आहे ते वाढणार नाही आणि नाही ते येणार नाही. दोन्ही बाजूंनी दार बंद, आणि बंद करणारे आपणच. कुणी स्पर्धक नाही, बँक नाही, सरकार नाही. एक समजूत आणि साडेदहा हजारांची ऑर्डर गेली.

माझं मत आज स्पष्ट सांगतो. उपजत देणगी असते, मी नाही म्हणत नाही. पण धंदा करणाऱ्याने "माझ्यात आहे का?" हा प्रश्न विचारत बसू नये. त्याने विचारावं, "यातलं नेमकं काय येत नाही, आणि ते कोण शिकवेल?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नसतं. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा दोन गल्ल्या सोडून मिळतं.

"रक्तात" नेमकं काय असतं?

मीही एकदा हेच म्हटलं होतं. नोकरीला लागायच्या आधी एका मित्राबरोबर नारायण पेठेत टी-शर्ट प्रिंटिंग सुरू केलं होतं. कॉलेजच्या गॅदरिंगच्या ऑर्डरी भरपूर. काम चांगलं करायचो. पण ॲडव्हान्स मागायला जीभ रेटायची नाही. "देतो रे, पळून चाललो का?" असं कुणी म्हटलं की मी गप्प. अकरा महिन्यांत बंद पडलं. घरी वडील म्हणाले, "आपण नोकरदार माणसं. धंदा रक्तात असावा लागतो." मला तेव्हा ते ऐकून बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? चूक माझी नव्हती, रक्ताची होती!

पुढे काही महिने मी रविवार पेठेत एका ओळखीच्या काकांच्या होलसेल दुकानात हिशोबाला बसायचो. काकांचं घराणं मूळचं राजस्थानचं, पुण्यात तिसरी पिढी. त्यांचा दहा वर्षांचा नातू शाळा सुटली की दुकानात यायचा. गल्ल्याच्या बाजूला बसून वेफर खायचा. मला वाटायचं, पोरगं उगाच बसतंय.

एक दिवस एक गिऱ्हाईक म्हणालं, "काका, पुढच्या आठवड्यात पैसे देतो." काका हसत म्हणाले, "द्या की. कोणत्या वारी?" गिऱ्हाईक जरा अडखळलं, म्हणालं, "बुधवारी." काकांनी त्याच्यासमोर वहीत लिहिलं: बुधवार.

पंधरा दिवसांनी काका जेवायला वर गेले होते. दुसरं एक गिऱ्हाईक म्हणालं, "सांग आजोबांना, पुढच्या आठवड्यात देतो म्हणून." आणि ते दहा वर्षांचं पोरगं वेफर खाता खाता म्हणालं, "हो, पण कोणत्या वारी?"

मी बघतच राहिलो. मला जे अकरा महिन्यांत जमलं नव्हतं ते त्याला दोन शब्दांत जमलं. रक्ताने? नाही हो! त्याने ऐकलं होतं. रोज ऐकत होता. घरी आल्यावर मी हिशोब मांडला. दहाव्या वर्षापासून बाविसाव्यापर्यंत, रोज दोन तास, वर्षाचे ३०० दिवस. १२ वर्षं गुणिले ६०० तास म्हणजे ७,२०० तास. हा मुलगा बाविसाव्या वर्षी दुकानात उभा राहील तेव्हा लोक म्हणतील, "यांच्या रक्तातच आहे." त्या ७,२०० तासांची हजेरी कुणी पाहिलेली नसेल.

आपल्याकडे "मराठी माणसाला धंदा जमत नाही" हे वाक्य इतकं मुरलंय की आपण ते विनोद म्हणूनही सांगतो आणि सबब म्हणूनही वापरतो. मला त्यात एवढंच खरं दिसतं की आपल्यापैकी बऱ्याच जणांना लहानपणी गल्ल्याशेजारी बसायला मिळालं नाही. म्हणजे आपण उशिरा शाळेत दाखल झालो. उशिरा दाखल झालेल्या मुलाने काय करायचं? शाळा सोडायची की जास्त अभ्यास करायचा?

जेजेमधले दोन लक्ष्मण

आता दोन माणसांची उदाहरणं देतो. दोघांचं नाव लक्ष्मण, दोघांचा संबंध मुंबईच्या जे. जे. कलाशाळेशी, आणि दोघांचं नाव पुण्यात आजही घेतलं जातं.

पहिले लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म १८६९, बेळगावजवळचं गुर्लहोसूर. वडील वेदान्ताचे पंडित. म्हणजे "रक्तात" म्हणावं तर शास्त्र आणि पोथ्या. लोखंड कुठेच नाही. पोराला आवड दोन गोष्टींची, यंत्रं आणि चित्रं. हट्टाने जेजेला गेले, चित्रकलेला. आणि तिथे काही काळाने कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. अंशतः रंगांधळेपणा.

विचार करा, काय वाटलं असेल? चित्रकार व्हायला आलेल्या मुलाला डोळ्यांनीच नकार दिला. हा दोष जन्माचा. दिवसाला अठरा तास रियाज केला तरी जाणारा नाही.

ते चित्रकलेतून बाहेर पडले, पण रेखांकन सोडलं नाही. यंत्रांची रेखाटनं करायला रंग कुठे लागतात? रेषा लागते, माप लागतं, डोक्यात वस्तू फिरवून बघता यावी लागते. ते शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तेच शिकवायला लागले. तिथे यंत्रं जवळून हाताळायला मिळाली. दरम्यान बेळगावात भाऊ रामचंद्रपंत यांच्याबरोबर सायकलींचा धंदा सुरू झाला. मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि बेळगावात भावाने विकायच्या. त्या काळात सायकल चालवता येणारा माणूस शोधूनही सापडायचा नाही. मग रामचंद्रपंत सायकल विकायचे आणि चालवायलाही शिकवायचे, त्याची वेगळी फी घेऊन. हे वाक्य परत वाचा. गिऱ्हाइकाकडे कौशल्य नव्हतं म्हणून त्यांनी बाजारच नाही असं म्हटलं नाही. कौशल्य हाच माल केला.

पुढे कडबा कापायची यंत्रं आली, मग लोखंडी नांगर. शेतकरी म्हणायचे, लोखंडाने जमीन नासते. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. मित्रांनो, दोन वर्षं! आपण रील टाकून दोन दिवसांत व्ह्यूज आले नाहीत तर म्हणतो, मार्केटिंग आपल्याला जमत नाही.

बेळगावातली जागा सोडावी लागली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. निवडुंगाची जमीन होती. तिथे जमलेली माणसंही सगळी शिकून-सवरून आलेली नव्हती, बरीचशी तिथेच काम करता करता घडली. पुढच्या पिढीने १९४६ साली ऑइल इंजिनचा कारखाना पुण्यात खडकीला काढला, तो आपल्यापैकी अनेकांच्या घरातल्या कुणा ना कुणाच्या पगाराचा आधार होता.

आता दुसरे लक्ष्मण. आर. के. लक्ष्मण. जन्म १९२१, म्हैसूर. शाळा संपल्यावर त्यांनीही जेजेला अर्ज केला. तिथून उत्तर आलं की तुमच्या चित्रांत आमच्याकडे प्रवेश मिळण्याजोगी प्रतिभा दिसत नाही. ही गोष्ट पुढे त्यांनी स्वतःच सांगितली. त्यांनी म्हैसूरला बी.ए. केलं, पण चित्रं काढणं एक दिवस थांबवलं नाही. रस्त्यावरची माणसं, घराबाहेरचे कावळे, जे दिसेल ते. थोरले भाऊ आर. के. नारायण यांच्या कथांसाठी चित्रं काढली. १९४७ साली टाइम्स ऑफ इंडियात आले. १९५१ पासून त्यांचा चौकड्याच्या कोटातला कॉमन मॅन रोज सकाळी देशाच्या चहाबरोबर यायला लागला आणि पुढची पन्नास वर्षं येत राहिला. शेवटची वर्षं ते आपल्या पुण्यात होते, २०१५ साली इथेच गेले. सेनापती बापट रोडवर सिम्बायोसिसच्या आवारात कॉमन मॅनचा पुतळा आहे. तिकडून जाल तेव्हा जरा थांबून बघा.

ही वस्तुस्थिती आहे की मत?

दोघांनाही नकार मिळाला. पण दोन नकारांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आजच्या लेखातलं सगळ्यात कामाचं वाक्य मला वाटतं हेच आहे.

किर्लोस्करांचा नकार ही वस्तुस्थिती होती. दोन रंगीत कागद पुढे ठेवा, फरक ओळखता येतो की नाही ते लगेच कळतं. तपासता येतं, पुन्हा तपासलं तरी तेच उत्तर. अशा वेळी भिंतीला डोकं आपटू नये. बाजूचं दार शोधावं.

लक्ष्मण यांचा नकार हे मत होतं. कुणीतरी काही चित्रं बघून, एका दिवशी, एका मोजपट्टीने दिलेलं. त्या माणसाने वाईट हेतूने दिलं असंही नाही. पण मत ते मत. त्यावर रस्ता बदलायचं कारण नाही, काम वाढवायचं कारण आहे.

आता तुम्ही स्वतःबद्दल जे म्हणता ते या दोनपैकी कशात बसतं? "मला बोलता येत नाही." वस्तुस्थिती की मत? तोतरेपणा असेल तर वस्तुस्थिती, आणि त्यावरही उपचार असतात. पण मैत्रिणीशी तासभर फोनवर बोलणारी बाई जेव्हा म्हणते की मला गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही, तेव्हा तिला बोलता येत असतं. भाव सांगता येत नसतो. हा दोन मिनिटांचा संवाद आहे, आरशासमोर वीस वेळा म्हणायचा. "माझं गणित कच्चं आहे." दहावीच्या मार्कांवरून दिलेलं मत! धंद्यात बेरीज, वजाबाकी, टक्केवारी एवढंच लागतं आणि मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहे.

मग देणगी काहीच नसते का?

असते ना. सवाई गंधर्व महोत्सवाला डिसेंबरच्या थंडीत शाल गुंडाळून बसणाऱ्या पुणेकराला मी "आवाज ही काही देणगी नाही" असं सांगायला गेलो तर तो मला उठवून लावेल. भीमसेनजींचा आवाज ही देणगीच. पण त्या देणगीचा मालक अकराव्या वर्षी, १९३३ साली, घर सोडून गेला तो कशासाठी? गुरू शोधायला. पुढे कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे राहून शिकला, आणि नंतर त्याच गुरूच्या नावाने पुण्यात महोत्सव उभा केला. आपल्यात आहे हे माहीत असणारा माणूस शिकायला वणवण फिरला. आणि आपण "आपल्यात नाही" म्हणून घरी बसतो. हिशोब उलटा नाही वाटत?

दुसऱ्या बाजूचंही सांगतो, कारण यूट्यूबवर या विषयात फार थापा चालतात. "कोणतीही गोष्ट दहा हजार तास करा, तुम्ही जगात नंबर वन." हा आकडा १९९३ सालच्या एका अभ्यासातून आला. ॲन्डर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या व्हायोलिन शिकणाऱ्यांवर केलेला. २००८ साली माल्कम ग्लॅडवेल यांच्या पुस्तकातून तो जगभर गेला. दहा हजार तास म्हणजे हमखास यश, असं खुद्द एरिक्सनचं म्हणणं नव्हतं. तासांपेक्षा सराव कसा करता याला ते महत्त्व द्यायचे: चूक लगेच दाखवणारा शिक्षक आणि नेमक्या त्या चुकीवर काम.

२०१४ साली ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी असे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. माणसामाणसांतल्या फरकापैकी किती भाग सरावाने समजतो? बुद्धिबळासारख्या खेळांत सुमारे २६ टक्के, संगीतात २१, मैदानी खेळांत १८. आणि नोकरी-व्यवसायाच्या कामांत? एक टक्क्याहूनही कमी.

दचकलात? मीही दचकलो होतो. पण त्याच अभ्यासात दिसतं की काम जेवढं ठरावीक तेवढा सरावाचा वाटा जास्त. बुद्धिबळाचे नियम बदलत नाहीत. बाजाराचे रोज बदलतात. शिवाय व्यवसायात आपण ज्याला सराव म्हणतो तो बहुतेक वेळा सराव नसतोच, नुसती वर्षं असतात. तीच टपरी, तीच चूक, वीस वर्षं. कुणी सांगणारं नाही, कुठे लिहिलेलं नाही. म्हणून मी माझ्या कुठल्याच बॅचमध्ये "मेहनत करा, यश मिळेल" असं म्हणत नाही. मेहनतीची कमी आपल्याकडे कधीच नव्हती. चूक कागदावर पकडायची सवय नव्हती.

आणि हेही खरं की शिकायला वेळ लागतो, पैसा लागतो, घरचं कुणीतरी पाठीशी लागतं. ज्या बाईला पहाटे पाच ते रात्री अकरा घर आणि ऑर्डर दोन्ही ओढायचं आहे, तिला "स्किल वाढवा ताई" म्हणणं फार सोपं आहे. म्हणूनच शिकायचं ते मोजकं आणि नेमकं असावं.

हाताची चव वजनकाट्यावर

आता पुन्हा धायरीला जाऊ. मी ताईंना विचारलं, "पोळ्या कुठे शिकलात?"

"सासूबाईंकडे."

"पहिल्या दिवशीच जमल्या?"

ताई हसायला लागल्या. "कसल्या जमतायत! दोन वर्षं फाटत होत्या. सासूबाई म्हणायच्या, पुरणात चमचा उभा राहिला पाहिजे, मगच गॅस बंद करायचा. आणि कणीक तेलात चांगली तिंबून तासभर झाकून ठेवायची. घाई केली की फाटते."

वर्गात एकदम शांतता. कारण ताईंनी स्वतःच्याच तोंडाने सांगितलं होतं की त्यांच्या "हाताची चव" दोन वर्षांत शिकलेली आहे. विसरल्या होत्या एवढंच. जे आपल्याला येतं ते कसं आलं हे माणूस विसरतो आणि मग त्याला देणगी म्हणतो.

घरचा अभ्यास दिला. चार वेळा पुरण करायचं, नेहमीसारखं, अंदाजाने. फक्त प्रत्येक गोष्ट टाकायच्या आधी काट्यावर ठेवायची आणि लिहायची. ताईंची मुलगी लिहायला बसली. चारही वेळा एक किलो डाळीला पडलेल्या गुळात फरक किती निघाला? जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅमचा. पुरणाचा गोळा आणि कणकेचा गोळा, दोन्हींचं वजन जवळजवळ तेच. ताई म्हणाल्या, "सर, मला वाटायचं मी अंदाजाने करते!" अंदाज नव्हताच तो. हातात काटा होता, वहीत नव्हता.

मग त्याच वहीवरून त्यांच्या जाऊबाईंनी पोळ्या केल्या. पहिल्या दिवशी दहातल्या चार फाटल्या. पूर्वीच्या ताई म्हणाल्या असत्या, "बघा, म्हटलं नव्हतं?" पण आता वही होती. शोधलं तर पुरण सैल राहिलं होतं. चमचा उभा राहतो म्हणजे किती वेळ राहतो, हे लिहायचंच राहिलं होतं! ते लिहिलं. तिसऱ्या दिवशी दहातली एक फाटली. चव घरच्यांनी ओळखली नाही, कुठली कुणाची ते.

एक गोष्ट मात्र वहीत उतरली नाही. लाटताना कडेपर्यंत पुरण नेणं ताईंसारखं जाऊबाईंना अजून जमत नाही. कदाचित जमेल, कदाचित नाही. मग काम वाटून घेतलं. पुरण आणि गोळे जाऊबाईंचे, लाटणं ताईंचं, भाजायला एक मावशी रोजावर. देणगी उरली ती एवढीशी, आणि ती नेमकी कुठे वापरायची ते आता माहीत आहे.

मघाशी किर्लोस्करांच्या गोष्टीत मी एक मुद्दा मुद्दाम मागे ठेवला होता. रंगचित्र आणि यंत्राचं रेखांकन यांत फरक काय? चित्र ज्याचं त्याच्याच हातचं, तो माणूस गेला की संपलं. रेखांकन कागदावर असतं, माप घातलेलं असतं, ते बघून दुसरे दहा जण तीच वस्तू बनवतात. चित्रकार व्हायला निघालेला मुलगा कारखानदार झाला, त्याची सुरुवात मला तिथे दिसते. पुण्यातली बाकरवडी एकाच आचाऱ्याच्या हातात राहिली असती तर आज यंत्रावर बनून गावोगाव गेली असती का? तुमच्या हातात आहे तोपर्यंत ती कला आहे. कागदावर उतरली आणि दुसऱ्याच्या हातून झाली की तो धंदा. कला कमी दर्जाची असं मुळीच नाही. पण तुम्ही आजारी पडलात तर कला सुट्टीवर जाते आणि घराचा हप्ता सुट्टीवर जात नाही.

वहीत तीन रकाने

नेहमीप्रमाणे या आठवड्याचं काम. एक वही घ्या, शंभर पानी पुरे. तुमच्या धंद्यातली सगळी कामं एकाखाली एक लिहा. "मार्केटिंग" असं मोठं लिहू नका. "जुन्या गिऱ्हाइकाला फोन करणं", "भाव सांगणं", "ॲडव्हान्स मागणं", "उधारीची तारीख ठरवणं" असं छोटं लिहा. शेजारी तीन रकाने आखा.

पहिला रकाना: शिकणार. जे येत नाही पण तपासून पाहिलं तर मतच आहे, वस्तुस्थिती नाही. यातलं एका महिन्यात एकच. कुणाकडून शिकणार त्याचं नाव समोर लिहा. नाव नसेल तर ते शिकणं नाही, नुसती इच्छा आहे.

दुसरा रकाना: शिकवणार. जे तुम्हाला फार छान येतं आणि तुम्हीच करता. हे वजनात, मिनिटांत, पायऱ्यांत लिहा आणि दुसऱ्याकडून एकदा करून घ्या. बिघडलं तर माणसाला दोष देण्याआधी वही तपासा.

तिसरा रकाना: सोडणार. जे खरोखर होणार नाही. डोळे, कंबर, वेळ, जे काही कारण असेल. ते दुसऱ्याला पैसे देऊन करून घ्या किंवा ते लागणारच नाही असा माल निवडा. या रकान्याची लाज वाटू देऊ नका. पण तो भरताना घाईही करू नका. माझ्या अनुभवात लोक आधी हाच रकाना भरतात, आणि त्यात निम्म्या नोंदी भीतीच्या असतात.

ताईंचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. त्यांनी त्या केटररला परत फोन केला. ३०० चं काम तर केव्हाच दुसऱ्याला गेलं होतं, ते काही परत आलं नाही. पण त्याने विचारलं, "पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे, शंभर द्याल?" ताई हो म्हणाल्या. तो म्हणाला, "पैसे काम झाल्यावर देतो."

ताईंनी मला हे सांगताना आवाज जरा चढवलाच. "सर, मी त्यांना म्हटलं, निम्मे आधी लागतील. आणि उरलेले कोणत्या वारी देताय?"

तो म्हणाला, सोमवारी. ताईंनी वहीत लिहिलं.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही काढा.